जखमेचा वण किती त्रास देतोय, हे नीट कसं बघायचं

टाके निघाले, खपली पडली की सगळ्यांना वाटतं झालं एकदाचं, पण वण खरा बदलायला लागतो तो त्यानंतर, आधी लाल, कडक, वर आलेला आणि मग हळूहळू मऊ आणि फिकट, यात वर्ष-दीड वर्ष सहज जातं, कधी दोनही. त्यामुळे दोन महिन्यांत कोणी "आता हे असंच राहणार" म्हटलं तर मनावर घेऊ नका. आज काय दिसतंय ते तारीख टाकून लिहा आणि दर दोन-तीन महिन्यांनी परत बघा. फोटो काढताना उजेड आणि अंतर दरवेळी तेच ठेवा, शेजारी मोजपट्टी ठेवा, नाहीतर तुलनेला अर्थच नाही.

मग हात लावून बघा. पारदर्शक पट्टी वणावर दाबली आणि लाली गेली तर ती रक्तवाहिन्यांची, तपकिरी रंग तसाच राहिला तर तो त्वचेतल्या रंगद्रव्याचा (सावळ्या त्वचेवर लाली पटकन कळत नाही, सावकाश बघा). वण वर आलाय पण मूळ जखमेच्या हद्दीतच आहे तर बहुतेक हायपरट्रॉफिक, हद्द ओलांडून बाजूच्या चांगल्या त्वचेवर पसरतोय तर केलॉइड. दोन्हींचे उपचार वेगळे असतात, म्हणून हे नीट बघायचं.

आणि सांधा! दिसण्याच्या नादात हेच राहून जातं. वण कोपर, गुडघा, मान किंवा बोटावर असेल तर तो आकसून सांधा ओढून धरू शकतो, म्हणून दुसऱ्या बाजूशी तुलना करा, हात पूर्ण सरळ होतो का, मूठ नीट वळते का. थोडं जरी कमी वाटलं तरी फिजिओथेरपिस्टकडे लगेच जा, वण मऊ व्हायची वाट बघत बसू नका.

डॉक्टर लोक व्हँकुव्हर स्केल वापरतात, 0 ते 13 मार्कांचं, त्यात रंग, लाली, लवचिकता आणि उंची बघतात, पण खाज आणि दुखणं त्यात धरलेलंच नाही. मला पोसास (POSAS, वण मोजायचं दुसरं एक स्केल) जास्त पटतं कारण त्यात पेशंटचा वेगळा फॉर्म असतो. घरच्या घरी खाज आणि दुखणं 0 ते 10 मध्ये लिहिलं तरी पुष्कळ, आणि खाजेने झोपमोड होते का तेही लिहा.

आता मनाचं. वणाच्या साइजवरून त्रासाचा अंदाज लावायचाच नाही, बोटभर वणाने माणूस घरात कोंडून घेतो आणि अख्खा हात भाजलेला मजेत फिरतो. "वाईट वाटतं का" विचारलं तर उत्तर "नाही" असंच येतं, त्यापेक्षा विचारा की आधी करायचास आणि आता टाळतोस असं काय आहे. आरसा, फोटो, अर्ध्या बाह्यांचे कपडे, जोडीदाराचा स्पर्श? हे एकट्यात विचारा, घरच्यांसमोर माणूस बोलत नाही. दिसण्याचा त्रास वेगळा आणि अपघाताच्या आठवणींचा वेगळा, हेही तपासा. वाईट स्वप्नं, दचकणं, ती जागा टाळणं महिनाभरानंतरही चालू असेल तर मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. जगण्यात अर्थ नाही असं काही बोलणं आलं तर आत्महत्येचे विचार येतात का हे सरळ विचारा, विचारल्याने ते डोक्यात भरत नाहीत, आणि हो म्हटलं तर एकटं न सोडता त्याच दिवशी मदत मिळवा.

आणखी एक, भाजल्याच्या जुन्या वणावर वर्षांनंतर नवी जखम झाली आणि भरतच नसेल तर मलम लावत बसू नका, क्वचित तिथे कॅन्सर होतो, डॉक्टरांना दाखवून बायोप्सी लागते का विचारा.