निर्दोष सुटल्यानंतर शासनावर भरपाईचा दावा करावा का, आणि कसा

निर्दोष सुटलेल्या माणसाला आपल्याकडे भरपाई आपोआप मिळत नाही. केंद्र शासनाला कायद्यातील सुधारणा सुचवणाऱ्या विधी आयोगाने ऑगस्ट २०१८ मध्ये आपल्या २७७ व्या अहवालात यासाठी कायद्यात स्वतंत्र तरतूद करावी आणि असे दावे चालवण्यासाठी विशेष न्यायालये असावीत, अशी शिफारस केली. ती तरतूद अद्याप झालेली नाही. त्यामुळे भरपाई मागूनच मिळवावी लागते, आणि ती मागावी की नाही याचा निर्णय संतापाच्या भरात न घेता कागदपत्रे समोर ठेवून घ्यावा लागतो. माझे मत असे आहे की ज्याच्याकडे शासनाच्या गैरकृत्याचा पुरावा आहे त्याने दावा अवश्य करावा. ज्याच्याकडे केवळ सुटकेचा निकाल आहे त्याने आधी तो निकाल नीट वाचावा.

निकालपत्राची प्रमाणित प्रत काढा आणि शेवटचा आदेश वाचून थांबू नका, त्यामागची कारणे वाचा. ‘सरकार पक्षाला गुन्हा संशयातीतपणे सिद्ध करता आला नाही, म्हणून संशयाचा फायदा देण्यात येतो’ असे लिहिलेले असेल, तर त्यावरून पोलिसांनी दुष्टपणा केला असे ठरत नाही. याउलट पंचनामा नंतर तयार केलेला दिसतो, साक्षीदार पढवलेले होते, आरोपीला हेतुपुरस्सर गुंतवण्यात आले, किंवा खरा धागा सोडून देण्यात आला, असे न्यायाधीशांनी नोंदवले असेल, तर त्या परिच्छेदांचे क्रमांक वेगळे उतरवून ठेवा, कारण वकिलाशी पहिली चर्चा त्यांवरच होईल. मात्र असे ताशेरे असले तरी भरपाई मिळेलच असे नाही, हे गांधीनगरच्या अक्षरधाम मंदिरावरील २००२ च्या हल्ल्याच्या खटल्यानंतर दिसले. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये आरोपींना मुक्त करताना तपासावर कठोर ताशेरे ओढले होते, तरीही त्यांच्यापैकी काहींची भरपाईची मागणी २०१६ मध्ये त्याच न्यायालयाने विचारात घेतली नाही; प्रत्येक सुटकेनंतर भरपाई द्यायची ठरवली तर घातक पायंडा पडेल, अशी न्यायालयाची भूमिका होती.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. नाशिक जिल्ह्यातील २००३ च्या एका गुन्ह्यात भटक्या जमातीतील सहा जणांना फाशीची शिक्षा झाली होती आणि अखेर सर्वोच्च न्यायालयानेही सहाही जणांना फाशीच सुनावली होती. २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने फेरविचार करून त्यांना निर्दोष ठरवले आणि महाराष्ट्र शासनाने प्रत्येकी पाच लाख रुपये द्यावेत असा आदेश दिला. सोळा वर्षांच्या तुरुंगवासापुढे ही रक्कम मला अत्यंत अपुरी वाटते, पण तपासातील दोषाची जबाबदारी शासनाची आहे हे त्या आदेशाने मान्य केले. इस्रोचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना १९९४ मध्ये हेरगिरीच्या आरोपाखाली अटक झाली होती. त्यांना २०१८ मध्ये केरळ शासनाकडून पन्नास लाख रुपये देण्याचा आदेश झाला.

दावा कोणावर करायचा, हे अनेकदा चुकते. पोलीस ठाणे गावातले असले तरी पोलीस दल राज्य शासनाच्या अखत्यारीत असते, म्हणून महाराष्ट्रात प्रतिवादी ‘महाराष्ट्र राज्य’ असते आणि त्यासोबत संबंधित अधिकाऱ्याला नावानिशी पक्षकार करता येते. आरोप महानगरपालिकेने किंवा तिच्या अधिकाऱ्याने केला असेल तरच महानगरपालिकेवर दावा करण्यात अर्थ आहे, आणि तेथे महानगरपालिका अधिनियमातील कलम ४८७ नुसार एक महिन्याची नोटीस व सहा महिन्यांची मुदत लागू होऊ शकते.

यापुढे दोन वाटा आहेत. अटकच बेकायदेशीर होती, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर उभे केले नाही, जामीन किंवा सुटकेचा आदेश झाल्यावरही तुरुंगात ठेवले, कोठडीत मारहाण झाली, अशा वेळी संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका करावी. १९६८ मध्ये सुटकेचा आदेश होऊनही बिहारमध्ये १९८२ पर्यंत तुरुंगात राहिलेल्या रुदुल साह यांना सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये भरपाई दिली, तेव्हापासून ही वाट रुळली आहे. आणि १९९३ च्या नीलावती बेहेरा प्रकरणात न्यायालयाने स्पष्ट केले की मूलभूत हक्काच्या भंगासाठी भरपाई मागितली असता सार्वभौम अधिकाराचा बचाव, म्हणजे राज्यसत्ता म्हणून केलेल्या कृत्यासाठी आपण जबाबदार नाही हा युक्तिवाद, शासनाला घेता येत नाही. मात्र याचिकेत तथ्ये निर्विवाद असावी लागतात. साक्षीपुरावा घेतल्याशिवाय सत्य ठरणार नसेल, तर उच्च न्यायालय दिवाणी न्यायालयाकडे जाण्यास सांगते.

दिवाणी दावा ‘दुष्ट हेतूने केलेला खटला’ या कारणावर उभा राहतो. प्रतिवादीने खटला चालवला, तो तुमच्या बाजूने संपला, त्याला वाजवी व संभाव्य कारण नव्हते, त्यामागे दुष्ट हेतू होता आणि तुमचे नुकसान झाले, या सर्व गोष्टी तुम्हीच सिद्ध करायच्या असतात. फौजदारी न्यायालयाने सोडले एवढ्याने दिवाणी न्यायालयाचे समाधान होत नाही, आणि उलटतपासणीत जुन्या आरोपाबद्दलचे सगळे प्रश्न पुन्हा विचारले जातात. घरच्यांना हे आधी सांगून ठेवावे, कारण पुन्हा काही वर्षे तारखा घ्याव्या लागतील आणि त्या सगळ्यांनाच सोसाव्या लागतील.

मुदतीच्या बाबतीत कसलीही ढिलाई करू नका. मुदत अधिनियमानुसार या दाव्याला सुटकेपासून एक वर्ष मिळते. पण शासनावर किंवा सरकारी अधिकाऱ्यावर दावा करण्यापूर्वी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० खाली दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते, आणि पोलिसांच्या बाजूने महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे कलम १६१ पुढे केले जाते, ज्यात मुदत सहा महिन्यांचीच आहे. म्हणून एक वर्ष हाताशी आहे असे न मानता सहा महिन्यांचाच हिशेब धरावा आणि पहिल्या तीन महिन्यांत नोटीस पोचती करावी. शासन अपील करील का, याची वाट पाहत बसणे धोक्याचे आहे.

तोपर्यंत कागद गोळा करा: अटकेचा पंचनामा, रिमांडचे व जामिनाचे आदेश, किती दिवस आत होता याचा तुरुंगाचा दाखला, नोकरी गेल्याचे पत्र, आधीच्या पगाराच्या पावत्या, वकिलाला दिलेल्या फीच्या पावत्या, औषधोपचाराची बिले. पोलीस ठाण्याच्या दैनंदिनीतील नोंदी माहिती अधिकाराखाली मागता येतात. नकार आला तर तो लेखी घ्यावा. मागणीची रक्कम या कागदांवरूनच ठरवावी, कारण दिवाणी दाव्यात न्यायालयीन शुल्क मागितलेल्या रकमेवर आकारले जाते आणि फुगवलेल्या आकड्याचा भार आधी तुमच्यावरच पडतो. शुल्क भरण्याची ऐपत नसेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३३ खाली निर्धन म्हणून दावा दाखल करण्याची परवानगी मागता येते, आणि विनामूल्य वकिलासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो.

तक्रारदाराने विनाकारण अटक घडवून आणली असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या सध्याच्या कायद्याच्या) कलम ३९९ नुसार दंडाधिकारी त्याच्याकडून जास्तीत जास्त एक हजार रुपये देववू शकतात. ही रक्कम शासन देत नाही आणि तेवढ्यासाठी मोठा दावा अडवून ठेवू नये. पुरावा बेताचा असेल किंवा न्यायालयाचा खर्च झेपत नसेल, तर राज्य मानवी हक्क आयोगाकडे घटनेपासून एक वर्षाच्या आत तक्रार करावी. आयोग शासनाला भरपाईची शिफारस करतो, आणि तिथे न्यायालयीन शुल्क लागत नाही.