पाठीतलं पाणी काढलं, पण दाब मोजला का? क्रिप्टोकॉकल मेनिंजायटिसमध्ये या चुका टाळा

पंधरा दिवस डोकं दुखतंय. आधी पित्त म्हणून अंगावर काढलं, मग चष्म्याचा नंबर बघून झाला, मग सायनसचा एक्स-रे. उलट्या सुरू झाल्या, एकाचे दोन दिसायला लागले, तेव्हा कुठे पाठीतलं पाणी काढलं गेलं. रिपोर्टमध्ये लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) जास्त, प्रोटीन वाढलेलं, साखर कमी. आपल्याकडे हा रिपोर्ट बघून वॉर्डातलं कुणीही म्हणेल, टीबी. एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, सुरू.

बऱ्याचदा ते बरोबरही निघतं. पण क्रिप्टोकॉकस ही बुरशी मेंदूच्या आवरणात शिरली की पाण्याचं चित्र असंच दिसतं. एचआयव्हीमुळे प्रतिकारशक्ती पार खचलेली असेल, तर पेशी, प्रोटीन, साखर सगळं जवळजवळ नॉर्मलही येतं. रिपोर्टवरून टीबी ठरवून टाकणं ही चूक. ‘रिपोर्ट नॉर्मल आहे, घरी जा’ ही तिच्याहून मोठी.

विचारायचं एकच असतं: क्रिप्टोकॉकल अँटिजेन, म्हणजे बुरशीचा अंश शोधणारी तपासणी, केली का? गर्भचाचणीसारखी पट्टी असते, दहा मिनिटांत रेघ दिसते, पाठीतल्या पाण्यावर चालते आणि रक्तावरही. एचआयव्ही असलेल्याचा सीडी-४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) १०० च्या खाली असेल, तर डोकं दुखत नसलं तरी रक्तावर ती करावी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. २०० पर्यंतही करायला हरकत नाही. अँटिजेन रक्तात लक्षणांच्या कितीतरी आधी दिसतं. एक खोच मात्र आहे. बुरशी प्रचंड असेल तर पट्टी फसते आणि निगेटिव्ह दाखवते. शंका दाट असेल तर नमुना पातळ करून पुन्हा लावा.

इंडिया इंक निगेटिव्ह, म्हणजे क्रिप्टो नाही?

तसं नाही. पाण्यात काळी शाई मिसळून मायक्रोस्कोपखाली बुरशी शोधायची ही तपासणी, बुरशी कमी असेल तेव्हा बऱ्याचदा चुकते. आणि करायची पद्धतही चुकते. पाणी सेंट्रिफ्यूज न करता (यंत्रात फिरवून गाळ तळाशी न बसवता) वरवरचा थेंब घेतला जातो, शाई इतकी दाट असते की स्लाइडवर अमावास्या. शाई तपकिरी दिसेल इतकीच हवी, मायक्रोस्कोपचा कंडेन्सर (उजेड एकवटणारं भिंग) खाली, उजेड कमी. मग काळोखात गोल, जाड भिंतीची पेशी दिसते आणि तिच्याभोवती स्वच्छ, धारदार कडेचं पांढरं कडं. एखादीला बारीक मानेची कळी फुटलेली असते. ती एकदा पाहिली की विसरत नाही. लिम्फोसाइटभोवतीही फसवं कडं दिसतं, पण त्याची कड विरघळल्यासारखी असते आणि कळी नसते.

रक्ताच्या कल्चरमध्ये यीस्ट दिसला की ‘कॅन्डिडा’ (दुसरीच एक बुरशी) लिहून मोकळं होणं हे याच चुकीचं भावंड. त्या एका शब्दावर वॉर्डात कॅस्पोफंजिन हे बुरशीविरोधी औषध सुरू होतं, आणि क्रिप्टोकॉकसवर ते काम करत नाही.

नातेवाइकांना पहिला प्रश्न जातो तो कबुतरांचा. विष्ठेत ही बुरशी वाढते हे खरं, पण ‘आमच्याकडे कबुतरं नाहीत’ या उत्तराने काही सिद्ध होत नाही. ती मातीत असते, झाडांच्या ढोलीत असते. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधल्या मुलांच्या २००१ सालच्या अभ्यासात दोन वर्षांवरच्या बहुतेकांच्या रक्तात तिच्याविरुद्धच्या अँटिबॉडी सापडल्या होत्या. श्वासातून ती बहुतेकांच्या आत जाऊन आलेली असते.

दाब

माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक ही. पाणी काढतात, तीन बाटल्या भरतात, दाब मोजतच नाहीत. या आजारात माणूस पुष्कळदा त्या दाबानेच दृष्टी गमावतो, दाबानेच जातो. मॅनोमीटर (दाब मोजायची नळी) नाही ही सबब चालत नाही: निर्जंतुक आयव्ही सेटची नळी सुईला जोडा, उभी धरा, पाणी कुठवर चढतं ते टेपने मोजा. रुग्ण कुशीवर हवा. बसवून मोजलेला आकडा खोटा. २५ सेंटिमीटरच्या वर असेल तर २० च्या खाली किंवा निम्म्यावर येईपर्यंत पाणी काढा, आणि डोकं पुन्हा दुखलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. ‘पाठीतलं पाणी काढलं की माणूस लुळा होतो’ ही भीती घरच्यांना असतेच. त्यांना नळीतलं चढलेलं पाणी दाखवा. काढल्यावर तासाभरात रुग्ण उठून चहा मागतो, तेव्हा पुढच्या वेळी कुणी अडवत नाही.

दाब आहे म्हणून डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड द्यायचा मोह होतो, टीबीत देतोच की. इथे देऊ नका. व्हिएतनाम, युगांडासह सहा देशांत याची चाचणी झाली. २०१६ मध्ये तिचे निकाल आले: स्टेरॉइडच्या गटात नुकसान दिसल्याने ती मध्येच थांबवावी लागली होती.

औषधं

फक्त फ्लुकोनॅझोल या बुरशीविरोधी औषधावर सुरुवात करणं कमजोर ठरतं. आफ्रिकेतल्या पाच देशांत झालेल्या अँबिशन चाचणीत (२०२२) लायपोसोमल अँफोटेरिसिन या शिरेतून द्यायच्या बुरशीविरोधी औषधाचा किलोमागे १० मिलिग्रॅमचा एकच डोस, सोबत १४ दिवस फ्लुसायटोसिन (आणखी एक बुरशीविरोधी औषध) आणि फ्लुकोनॅझोल, हे जुन्या आठवडाभराच्या अँफोटेरिसिनपेक्षा कमी पडलं नाही आणि दुष्परिणामही कमी झाले. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने ते स्वीकारलं.

अँफोटेरिसिन सलाइनमध्ये मिसळू नका, साका बसतो. ते ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्येच द्यायचं. किडनीसाठी आधी सलाइन द्यायचं ते वेगळं, आणि औषध जोडण्याआधी लाइन डेक्स्ट्रोजने धुऊन घ्यायची. पोटॅशियम, मॅग्नेशियम, क्रिएटिनिन बघत राहा. रुग्ण टीबीचं रिफॅम्पिसिनही घेत असेल, तर ते फ्लुकोनॅझोलची रक्तातली पातळी उतरवतं. डोस ठरवताना हे लक्षात हवं.

एचआयव्हीचं निदान नवीन असेल तर एआरटी (एचआयव्हीची औषधं) लगेच सुरू करायची घाई नको. युगांडा आणि दक्षिण आफ्रिकेतल्या कोट चाचणीत (२०१४) पहिल्या दोन आठवड्यांत एआरटी दिलेल्यांपैकी ४५ टक्के सहा महिन्यांत दगावले, पाच आठवड्यांच्या आसपास दिलेल्यांपैकी ३० टक्के. चार ते सहा आठवडे थांबा. मात्र ‘थांबा’ म्हणजे विसरा नव्हे. एआरटी सेंटरची तारीख डिस्चार्ज कार्डावर लिहूनच घरी पाठवा.

एचआयव्ही निगेटिव्ह आहे म्हणून सुटका नाही. किडनी बदललेले, ल्युपससाठी वर्षानुवर्षं स्टेरॉइड घेणारे, सिरोसिसचे रुग्ण यांनाही हा आजार होतो, आणि त्यांचं निदान उशिरा होतं, कारण कुणाच्या डोक्यात येत नाही.

डोकं दुखायचं थांबलं की गोळी थांबते, हे घरी गेल्यावरचं दुखणं. एचआयव्ही असलेल्यांनी २०० मिलिग्रॅम फ्लुकोनॅझोल निदान वर्षभर, सीडी-४ वर येईपर्यंत घ्यायचं असतं. या काळात अँटिजेनची पट्टी पुन्हा पुन्हा करू नका. मेलेल्या बुरशीचं अँटिजेनही महिनोन्‌महिने रक्तात राहतं, आणि बरा होत चाललेला माणूस पॉझिटिव्ह रेघ पाहून उगाच हादरतो.