हातच्याची वजाबाकी अडली तर

दुसरी-तिसरीतलं मूल ५२ मधून २७ वजा करून ३५ लिहितं, तेव्हा तो वेंधळेपणा नसतो. २ मधून ७ जात नाहीत, म्हणून त्यानं सरळ ७ मधूनच २ काढलेले असतात. अशा वेळी ‘हातचा घे, हातचा’ असं ओरडून काही होत नाही. दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे रबर लावून बांधा, दोन काड्या सुट्या ठेवा आणि त्याच्याकडे २७ काड्या मागा. सुट्या पुरत नाहीत हे कळलं की एक गठ्ठा त्यालाच सोडू द्या. (रबर आपण काढायचं नाही. मोह फार होतो!) आता गठ्ठे ४, सुट्या १२. मग हेच वहीत मांडायला सांगा. रोज दोन गणितं पुरेत.