खोट्या अटकेचा कट: अपिलातल्या या चुका टाळा

कुणाला खोट्या गुन्ह्यात अडकवून अटक करवल्याबद्दल दंड संहितेच्या कलम १२०-ब (गुन्हेगारी कट) खाली शिक्षा झाली, की अपील मेमोत, म्हणजे अपिलाच्या अर्जात, पहिला मुद्दा हमखास तोच: ‘बाकीचे सुटले, मग एकट्याने कट कसा केला?’ खाली ‘एकट्याचा कट होत नाही’ सांगणारा सर्वोच्च न्यायालयाचा टोपनदास निकाल (१९५५) चिकटवला की झालं! निकाल खराच आहे. पण तिथे नावं घेतलेले सगळे साथीदार सुटले होते आणि चार्जमध्ये (दोषारोपात) ‘इतर अज्ञात इसम’ नव्हते. सर्वोच्च न्यायालयाच्याच बिंबाधर प्रधान (१९५६) मध्ये सहआरोपी सुटूनही शिक्षा टिकली, कारण माफीचा साक्षीदार कटातलाच होता. म्हणून आधी चार्ज काढा. ‘व इतर’ हे शब्द आहेत का, असतील तर त्या इतरांविरुद्ध पुरावा काय, हे पेन्सिलीने समासात लिहा. मेमो त्यानंतर.

दुसरं दुखणं कॉल रेकॉर्डचं. अटकेच्या आदल्या रात्री फिर्यादी आणि हवालदार यांच्यात फोन झाले, एवढ्यावर कट उभा राहतो. आणि अपिलात ओरड होते ती पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब च्या प्रमाणपत्राची, म्हणजे इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत लागणाऱ्या दाखल्याची. फोन कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याच्या साक्षीचं पान उघडा. कॉल रेकॉर्डवर निशाणी (पुराव्याचा क्रमांक) पडताना ‘हरकत’ नोंदली आहे? नसेल तर सोनू विरुद्ध हरियाणा (२०१७) तुमच्या विरोधात जातो; ही हरकत पहिल्यांदा अपिलात घेता येत नाही. नसलेल्या हरकतीवर चार पानं खर्चण्यापेक्षा वजनावर बोला: सिम कुणाच्या नावावर, वापरत कोण होतं, दोघांचं आधीपासून बोलणं होतं का. फोन झाला म्हणजे संगनमत झालं असं नाही. स्टेशन डायरीतली अटकेची वेळ आणि पंचनाम्याची वेळ शेजारी ठेवलीत तर याहून जास्त हाती लागतं, पण त्यासाठी पेपर बुक (खटल्याच्या कागदपत्रांचा संच) पूर्ण वाचावं लागतं.

एका आरोपीने कट संपल्यावर केलेलं विधान दुसऱ्याविरुद्ध पुरावा कायद्याच्या कलम १० खाली चालत नाही (मिर्झा अकबर, १९४०). पोलीस आरोपींच्या अपिलात हा मुद्दा सर्रास सुटतो.

फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १९७ ची मंजुरी (सरकारी नोकरावर खटला चालवण्याची परवानगी) सदोष होती, एवढं लिहून भागत नाही. त्यामुळे न्यायाची हानी कशी झाली ते सांगा.

गुन्हा १ जुलै २०२४ पूर्वीचा असेल तर भारतीय दंड संहिताच लागते. जुन्या गुन्ह्याच्या मेमोवर नव्या भारतीय न्याय संहितेची कलमं डकवू नका.

अपिलाची मुदत उच्च न्यायालयात ६० दिवस, सत्र न्यायालयात ३०. निकालाची नक्कल मिळायला लागलेले दिवस वगळले जातात, पण नकलेचा अर्ज निकालाच्याच दिवशी टाका.