‘सर्वांत जुनी नोंद’ म्हणजे नेमकी कोणती? क्लेममधले शब्द वाचताना

अमेरिकी पेटंटचा क्लेम (संरक्षण नेमके कशाला, हे सांगणारे वाक्य) प्रायर आर्टशी, म्हणजे आधीपासून जाहीर असलेल्या माहितीशी, ताडायचा असेल तर जुना दस्तऐवज आधी उघडू नका. तो एकदा डोक्यात बसला की क्लेममधले शब्द त्याच्याच मापाने वाचले जातात. अर्थ आधी ठरवा, लिहून ठेवा, मग तुलनेला बसा.

समजा क्लेम असा आहे: कॅशमध्ये (पटकन लागणारा डेटा ठेवण्याच्या जागेत) ‘प्लुरॅलिटी’ नोंदी ठेवणारा आणि मेमरीचा वापर मर्यादेपलीकडे गेल्यास ‘इन रिस्पॉन्स’ (त्याला प्रतिसाद म्हणून) सर्वांत जुनी नोंद काढणारा प्रोसेसर. याचे तुकडे पाडून चार्ट करा: एका ओळीत एकच अट, शेजारचा रकाना जुन्या दस्तऐवजातल्या जुळणीसाठी. ‘प्लुरॅलिटी’ म्हणजे दोन किंवा अधिक. सुरुवातीला ‘कंप्रायझिंग’ (यांचा समावेश असलेले) असेल तर जुन्या यंत्रणेत जास्तीचे भाग असले तरी चालतात. ‘कन्सिस्टिंग ऑफ’ (फक्त यांचेच बनलेले) असेल तर नाही.

खरी मेख ‘सर्वांत जुनी’मध्ये आहे. सर्वांत आधी लिहिलेली नोंद, की सर्वांत जास्त काळ कुणी न वापरलेली? फिफो पद्धतीत पहिली जाते, एलआरयूत दुसरी. उत्तर शब्दकोशात शोधत बसू नका. फेडरल सर्किट या पेटंट अपिलांच्या अमेरिकी कोर्टाच्या २००५ च्या फिलिप्स निकालानुसार स्पेसिफिकेशन (पेटंटमधले वर्णन) आणि फाईल हिस्टरी (पेटंट कार्यालयाशी झालेला पत्रव्यवहार) यांचे वजन जास्त. फ्लोचार्टमध्ये लेखनवेळेची तुलना असेल तर तो इशारा झाला, व्याख्या नव्हे. एकाच उदाहरणावरून अर्थ आवळणे ही नवख्यांची नेहमीची चूक. संशोधकाने शब्दाची स्वतः व्याख्या केली असेल किंवा एखादा अर्थ स्पष्टपणे सोडून दिला असेल, तर मात्र तो बांधील.

मोजपट्टी कोणती, हेही पाहा. अर्ज तपासणीत असेल तर वाजवी तितका व्यापक अर्थ घेतात. कोर्टात फिलिप्सची पद्धत लागते. १३ नोव्हेंबर २०१८ पासून दाखल झालेल्या आयपीआर अर्जांनाही (मंजूर पेटंटला पेटंट कार्यालयातच आव्हान देणाऱ्या) तीच.

आता जुना दस्तऐवज उघडा. त्यात दर दहा मिनिटांनी मेमरी तपासून ८० टक्क्यांवर गेल्यास नोंद काढत असतील, तर ‘इन रिस्पॉन्स’ बहुधा बसते, कारण ‘तत्काळ’ असे क्लेम म्हणत नाही. मेमरी न पाहता दर दहा मिनिटांनी नोंद काढली जात असेल तर बसत नाही.

क्लेममध्ये ‘अमुक करण्यासाठीचे मॉड्यूल’ दिसले तर थांबा. २०१५ च्या विल्यमसन निकालानंतर असा शब्द रचना सांगणारा न ठरता नुसत्या कार्याची जागा भरणारा ठरू शकतो. तसे झाले तर स्पेसिफिकेशनमधला अल्गोरिदम हाच क्लेमचा गाभा. प्रायर आर्टमध्ये तेच कार्य आणि तो किंवा समतुल्य अल्गोरिदम सापडायला हवा.

दस्तऐवज गप्प असेल तिथे चार्टमधला रकाना रिकामा ठेवा. ‘असेलच की’ पुरत नाही. ती गोष्ट तिथे अपरिहार्यपणे असली पाहिजे. आणि अर्धा चार्ट भरल्यावर एखाद्या शब्दाचा अर्थ बदललात, तर तो शब्द असलेली प्रत्येक ओळ पुन्हा तपासा. क्लेमचे उल्लंघन झाले का हे ताडणाऱ्या चार्टमधलीसुद्धा, कारण तिथेही तोच अर्थ लागतो.