व्हीएमला पीसीआय कार्ड देताना या चुका टाळा

होस्टचं (खऱ्या मशीनचं) नेटवर्क कार्ड किंवा जीपीयू म्हणजे ग्राफिक्स कार्ड व्हीएमला (त्यावर चालणाऱ्या आभासी मशीनला) देणं हे लिबव्हर्टमध्ये, म्हणजे व्हीएम सांभाळणाऱ्या लिनक्सच्या टूलमध्ये, तीन-चार कमांडचं काम. तरी लोक त्यात रात्र घालवतात, आणि कारणं दर वेळी तीच.

सगळ्यात महाग पडते ती पत्त्याची चूक. 'एलएसपीसीआय' ही कार्डांची यादी देणारी कमांड कार्डाचा पत्ता १०:००.० दाखवते, हा आकडा हेक्समधला, म्हणजे सोळाच्या पायावरचा. त्याच कार्डाचं वर्णन लिबव्हर्टच्या 'व्हर्श नोडडेव्ह-डम्पएक्सएमएल पीसीआय_००००_१०_००_०' कमांडने काढलं, तर वरच्या भागात बस १६ दिसते, कारण तिथे दशमान चालतं. घाईतला माणूस व्हीएमच्या एक्सएमएलमध्ये (सेटिंगच्या फाइलमध्ये) नुसतं बस='१०' लिहितो. पुढे ०एक्स नसेल तर लिबव्हर्ट ते साधे दहा धरतं, म्हणजे हेक्समध्ये ०ए:००.०. त्या पत्त्यावर काही नसेल तर एररवर सुटका होते. एका सर्व्हरवर तिथे नेमका होस्टच्याच डिस्कचा कंट्रोलर होता. मॅनेज्ड='येस' (डिव्हाइस होस्टकडून आपोआप काढून घेण्याची सेटिंग) असल्यामुळे व्हीएम सुरू करताच लिबव्हर्टने तो निमूटपणे होस्टकडून काढून व्हीएफआयओला, म्हणजे व्हीएमला डिव्हाइस देणाऱ्या कर्नल ड्रायव्हरला, दिला. एसएसएच उघडं, पण साधं 'एलएस'ही इनपुट-आउटपुट एरर देतंय, नवं लॉगिन होत नाही. पॉवर बटण दाबून उपयोग नाही, कारण व्हीएमला ऑटोस्टार्ट लावलेला. होस्ट उठला की पुन्हा तेच. रेस्क्यू मोडमध्ये ऑटोस्टार्ट फोल्डरमधली लिंक काढली तेव्हा सुटलं.

म्हणून आकडे हाताने लिहूच नका. त्याच डम्पमध्ये आयओएमएमयू-ग्रुपखाली (एकमेकांपासून वेगळी करता न येणारी डिव्हाइसं) आपल्या कार्डाच्या ॲड्रेसची ओळ ०एक्ससकट असते, ती उचला. त्याआधी 'नोडडेव्ह-लिस्ट --ट्री' चालवून त्या डिव्हाइसखाली कुठली डिस्क किंवा नेटवर्क लोंबकळतंय ते बघा. अर्धं मिनिट लागतं.

व्हीएम सुरू करताना 'ग्रुप इज नॉट व्हायेबल' ही एरर आली, की ग्रुपमधलं दुसरं काहीतरी अजून होस्टकडे आहे. जीपीयूच्या बाबतीत बहुधा त्याचंच ऑडिओ फंक्शन, शेवटी .१ असलेलं. तेही 'नोडडेव्ह-डिटॅच' करा. पीसीआय ब्रिजला हात लावू नका. ग्रुप तोडायला कर्नलवर एसीएस ओव्हरराइड नावाचा पॅच मारणं हा नवशिक्यांचा लाडका शॉर्टकट. त्याने हार्डवेअर वेगळं होत नाही, कर्नल फक्त तसं मानायला लागतो. आधी कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून बघा.

ग्रुपच दिसत नसेल तर बायॉसमध्ये व्हीटी-डी (इंटेलची आयओएमएमयू सोय) बंद आहे का ते बघा. 'व्हर्ट-होस्ट-व्हॅलिडेट' तेवढं सांगतं.

हाताने डिटॅच केलं असेल तर 'नोडडेव्ह-रीअटॅच'ही हातानेच, व्हीएम बंद झाल्यावर.

चालू व्हीएमवर 'अटॅच-डिव्हाइस' देताना --लाइव्हबरोबर --कॉन्फिगही द्या, नाहीतर व्हीएम बंद करून पुन्हा सुरू केल्यावर डिव्हाइस गायब.

असं कार्ड दिलेल्या व्हीएमची सगळी रॅम होस्टवर लॉक होते, बलूनवर (चालू व्हीएमची रॅम कमी-जास्त करणारी सोय) विसंबू नका.

यूएसबी डोंगल व्हेंडर आणि प्रॉडक्ट आयडीने द्या. डिव्हाइस नंबर प्रत्येक वेळी काढून लावलं की बदलतो.