उगवता चंद्र मोठा का दिसतो, हे मुलांना कसे दाखवावे

कोजागरीला गच्चीवर दूध आटत असताना पूर्वेला चंद्र वर येतो आणि घरातले एखादे मूल हमखास विचारते, "आत्ता एवढा मोठा, मग मध्यरात्री लहान कसा होतो?" यावर 'हवेमुळे तसा दिसतो' असे ठोकून देण्याची आपल्याला सवय आहे. ते उत्तर चूक आहे. म्हणून कारणाकडे वळण्याआधी चंद्र खरोखरच मोठा होतो का, हे मुलाकडूनच मोजून घ्यावे.

त्यासाठी जाड कागदाला कागद फाइलला लावण्याच्या पंचिंग मशीनने भोक पाडावे. ते साधारण 6 मिलिमीटरचे असते. कागद हात ताठ ठेवून समोर धरावा, एक डोळा मिटावा आणि चंद्र भोकात आणून कडेला किती जागा उरते ते पाहावे. चंद्र आकाशात सुमारे अर्धा अंश व्यापतो आणि 60 सेंटिमीटरवरचे हे भोकही जवळजवळ तेवढेच व्यापते. मुलाचा हात आखूड असल्याने त्याला कडेची जागा जास्त दिसेल, मात्र दोन्ही वेळा त्यानेच आणि तसाच हात ताठ ठेवून पाहिले म्हणजे झाले. मध्यरात्री, चंद्र डोक्यावर आल्यावर, हेच पुन्हा करावे. जागा तेवढीच उरलेली दिसते.

आता हिशेब सांगावा. चंद्र सरासरी 3,84,400 किलोमीटर दूर आहे. तो डोक्यावर येतो तेव्हा पृथ्वीच्या त्रिज्येएवढे, म्हणजे सुमारे 6,400 किलोमीटर अंतर कमी होते, त्यामुळे उगवतीचा चंद्र उलट दीडेक टक्का लहानच असतो. हा फरक भोकातून कळण्याइतका नाही. हवेचा परिणाम होतो तो वेगळाच: क्षितिजाजवळ प्रकाश वाकून बिंब किंचित चपटे होते आणि निळा प्रकाश विखुरला गेल्याने ते तांबूस दिसते.

मोठेपणा आपला मेंदू देतो. समोरच्या झाडा-इमारतींमुळे क्षितिज दूर वाटते, आणि दूरची वस्तू एवढी दिसते म्हणजे ती मोठीच असणार, असा अंदाज मेंदू बांधतो, असे एक स्पष्टीकरण आहे. त्यावर शास्त्रज्ञांचे पूर्ण एकमत झालेले नाही, हेही मुलाला सांगून टाकावे. मग त्याला चंद्राकडे पाठ करून, ओणवे होऊन दोन पायांमधून पाहायला लावावे. अशा वेळी अनेकांना उगवता चंद्र लहान दिसतो. मोठ्यांनीही करून पाहायला हरकत नाही, फक्त दुधाचे पातेले बाजूला ठेवावे.